खर्ज राखणारं पेडल

मल्टि-इफेक्ट पेडलच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो इफेक्टचा आकडा. सत्तर, शंभर, दोनशे. बेस गिटार वाजवणाऱ्याने मात्र दुकानात शिरताना दुसराच आकडा मनात धरावा : ४१. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार, म्हणजे ‘ई’ची, मोकळी छेडली की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. एका कंपनाला २४ मिलिसेकंद लागतात आणि हवेतल्या त्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरपेक्षा थोडी जास्त भरते. पाच तारांच्या बेसवरची ‘बी’ची तार आणखी खाली, ३१ हर्ट्झच्या जवळ बोलते. साध्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झवर, म्हणजे बेसच्या बरोबर एक सप्तक वर असते. इफेक्टचं बहुतेक तंत्र आधी त्या गिटारसाठी घडलं आणि मग बेसकडे आलं. बेसवाल्यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका सप्तकात आहे. डिस्टॉर्शन लावलं की आवाज पातळ होतो, ऑक्टेव्हर खालच्या सुरांवर अडखळतो, कोरस लावला की ठोका पुसट होतो, घरी भरदार वाटलेला पॅच (पेडलमध्ये साठवलेली इफेक्टची जुळणी) कार्यक्रमात नुसता घुमतो. या चारही तक्रारींची कारणं शोधत गेलं की आपण ४१ हर्ट्झपाशी येऊन पोचतो.

तंबोऱ्यात खर्जाची तार जे करते तेच वाद्यवृंदात बेस करतो : बाकीच्यांचे सूर त्याच्यावर विसावतात. शिवाय ड्रमच्या किकशी जोडी जमवून तो तालही धरून ठेवतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या गाण्यांमधून बेस वजा केल्याची नुसती कल्पना केली तरी हे काम किती मोठं आहे ते समजतं. म्हणून बेससाठी पेडल निवडताना, त्यात पॅच बनवताना आणि ते मंचावर नेताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा असं मला मनापासून वाटतं. हा इफेक्ट लावल्यावर खर्ज शिल्लक राहतो का?

फझपासून पेटीपर्यंत

लिओ फेंडर यांचा ‘प्रिसिजन बेस’ १९५१ साली आला. १९६२ मध्ये माएस्ट्रो कंपनीचं फझ-टोन बाजारात आलं आणि तारेचा आवाज मुद्दाम फाडून वाजवण्याची वाट खुली झाली. बीटल्सच्या १९६५ सालच्या ‘रबर सोल’मधल्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ या गाण्यात पॉल मॅकार्टनी यांचा फझ लावलेला बेस ऐकू येतो. त्या गाण्यात बेसचे दोन थर आहेत. एक नेहमीचा साधा बेस खाली आणि दुसरा फझ लावलेला बेस वर. खालच्याने पाया सांभाळला म्हणून वरच्याला मोकळेपणाने गुरगुरता आलं. आज चांगल्या बेस पेडलमध्ये ‘ब्लेंड’ नावाचा जो नॉब असतो, तो हीच युक्ती एका वादकाच्या हातात देतो.

पुढे १९७२ मध्ये म्यू-ट्रॉन ३ हा फिल्टर आला आणि बूट्सी कॉलिन्स यांनी त्यातून फंकचा ओला, बोलका बेस घडवला. १९८२ मध्ये बॉसचं ओसी-२ हे ऑक्टेव्ह पेडल आलं. पुढच्याच वर्षी पॉल यंग यांच्या ‘व्हेअरएव्हर आय ले माय हॅट’मध्ये पिनो पॅलाडिनो यांनी फ्रेटलेस बेसला त्याची जोड दिली. १९८८ मध्ये बॉसने एमई-५ हे पायाने चालवायचं मल्टि-इफेक्ट काढलं, तर १९९८ मध्ये लाइन ६ च्या पॉडने नावाजलेल्या अ‍ॅम्पचे आवाज एका छोट्या डबीत आणले. सुट्या पेडलांची रांग, तिच्या वायरी आणि अ‍ॅडॉप्टर यांच्याऐवजी एक पेटी उचलून रिहर्सलला जाता येऊ लागलं.

या पेटीचं आतलं काम समजायला सोपं आहे. तारेकडून आलेला विद्युत संकेत सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजून आकड्यांत उतरवला जातो. प्रोसेसर त्या आकड्यांवर गणित करतो आणि शेवटी त्यांचा पुन्हा संकेत बनतो. या सगळ्याला काही मिलिसेकंद लागतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे तीन मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे अ‍ॅम्पपासून मीटरभर लांब उभं राहणं. बोटांना तो जाणवत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. काही जण बेसचा साधा आवाज वेगळ्या वायरीने मिक्सरला देतात आणि पेडलमधून आलेला आवाज त्याच्यात मिसळतात. दोन्हींमध्ये दोन मिलिसेकंदांचं अंतर पडलं तर २५० हर्ट्झच्या आसपासचे स्वर एकमेकांना खोडतात आणि बेस पोकळ वाटू लागतो. साधा आणि रंगवलेला आवाज मिसळायचा असेल तर तो पेडलच्या आतच मिसळावा.

कॉम्प्रेसर आधी शिकावा

बेसवर सर्वांत जास्त उपयोगी पडणारा इफेक्ट म्हणजे कॉम्प्रेसर, आणि नवखे वादक नेमका तोच शेवटी उघडून बघतात. बोटाने हलकेच वाजवलेला सूर आणि अंगठ्याने ठोकलेला स्लॅप यांच्या जोरात मोठं अंतर असतं. कॉम्प्रेसर ठरलेल्या पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतो. रेशो ४:१ ठेवला तर पातळीपेक्षा १२ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त ३ डेसिबल वर निघतो. हळू आणि जोरात वाजवलेले सूर एका पट्टीत आले की गर्दीच्या गाण्यातही बेसचा प्रत्येक सूर कळतो.

यातले दोन नॉब बेससाठी निर्णायक आहेत. ‘अटॅक’ म्हणजे आवाज वाढल्यावर दाब किती वेळाने बसायचा. तो अगदी कमी ठेवला तर बोटाचा तारेवरचा पहिला आघात चिरडला जातो आणि ठोक्यातली धार जाते. २० ते ४० मिलिसेकंदांपासून सुरुवात केली तर तो आघात निसटून पुढे येतो आणि मागचा सूर आवरला जातो. ‘रिलीज’ म्हणजे दाब किती वेळात सुटायचा. ‘ई’च्या तारेचं एक कंपन २४ मिलिसेकंदांचं आहे हे इथे आठवावं. रिलीज त्याच्या जवळपास नेला तर कॉम्प्रेसर सुराची एकूण पातळी सोडून एकेका कंपनाच्या चढउताराचा पाठलाग करतो आणि खालच्या सुरांवर घरघर ऐकू येते. १०० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात हा दोष सहसा येत नाही. गिटारच्या पॅचमधला कॉम्प्रेसर तसाच उचलून बेसला लावला की गडबड होते ती याचमुळे.

ड्राइव्हमध्ये साधा आवाज मिसळावा

आवाज फाडणारे इफेक्ट, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ, संकेताची टोकं कापतात. टोकं कापली की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर तयार होतात. बेसला त्यांचा मोठा फायदा आहे. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडत नाही, तरीही आपल्याला बेसची चाल ऐकू येते, कारण मेंदू वरच्या उपस्वरांवरून खालचा मूळ सूर ताडतो. हलका ड्राइव्ह लावलेला बेस छोट्या स्पीकरवरही ओळखू येतो तो त्यामुळे. मेटॅलिकाच्या १९८३ सालच्या पहिल्या अल्बममध्ये क्लिफ बर्टन यांनी डिस्टॉर्शन आणि वाहच्या जोरावर बेसचा एकल तुकडा वाजवला. म्यूझच्या २००३ सालच्या ‘हिस्टेरिया’त तर ख्रिस वोल्स्टनहोम यांचा रंगवलेला बेसच गाण्याचा चेहरा आहे.

पण गिटारसाठी बनवलेले ड्राइव्ह खालचे स्वर मुद्दाम बाजूला ठेवतात. इबानेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमरमध्ये आवाज कापणाऱ्या टप्प्याचा जोर सुमारे ७२० हर्ट्झच्या खाली उतरत जातो. गिटारला त्यातून नेमकेपणा मिळतो. बेसचा मात्र जीवच जातो. म्हणून पेडलमधल्या ड्राइव्हला ब्लेंड, मिक्स किंवा बॅलन्स असा नॉब आहे का ते आवर्जून पाहावं. बॉसच्या ओडीबी-३ या बेस ओव्हरड्राइव्हवर तो आहे, आणि बेसच्या मल्टि-इफेक्टमध्ये असे ड्राइव्ह आत दिलेले असतात. साधा आवाज निम्म्यापासून सुरू करून हळूहळू ड्राइव्ह वाढवावा. त्याहून चांगली सोय म्हणजे क्रॉसओव्हर. खालचा भाग, समजा २०० हर्ट्झपर्यंतचा, साधा आणि घट्ट ठेवायचा आणि फक्त वरच्या भागाला ड्राइव्ह लावायचा. खर्ज जागच्या जागी राहतो आणि दात वर दिसतात.

गेनबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. एकट्याने वाजवताना जेवढा गेन छान वाटतो तेवढा बॅंडमध्ये जास्त होतो, कारण तिथे गिटार आणि झांजांनी वरची जागा आधीच व्यापलेली असते. गेन थोडा कमी करून बघितलं तर सुरांच्या कडा परत दिसू लागतात.

ऑक्टेव्हर आणि फिल्टर

ऑक्टेव्हर वाजवलेल्या सुराच्या एक सप्तक खालचा सूर तयार करतो. त्यासाठी त्याला आधी मूळ सूर ओळखावा लागतो, आणि सूर ओळखायला निदान एखादं पूर्ण कंपन तरी हातात यावं लागतं. ‘जी’च्या मोकळ्या तारेचं कंपन सुमारे १० मिलिसेकंदांत पुरं होतं, ‘ई’च्या तारेचं २४ मध्ये. खालच्या तारांवर ऑक्टेव्हर उशिरा जागा होतो, बुडबुडे काढतो, चुकतो, त्यामागे हे कारण आहे. शिवाय ‘ई’च्या एक सप्तक खाली उतरलं तर उत्तर येतं २०.६ हर्ट्झ. माणसाच्या श्रवणाची ती खालची सीमा आहे. तिथे सूर ऐकू येत नाही. स्पीकर मात्र हलत राहतो आणि अ‍ॅम्पची ताकद वाया जाते. म्हणून ऑक्टेव्हर ‘ए’ तारेच्या पाचव्या पडद्यापासून वरच्या बाजूला वाजवावा. एका वेळी एकच सूर घ्यावा, सुटलेल्या तारा उजव्या हाताने दाबून ठेवाव्यात आणि टोन नॉब थोडा खाली आणावा. पेडल इतकं चोखंदळ असतं की आपलंच वाजवणं स्वच्छ होत जातं.

एन्व्हलप फिल्टर, ज्याला ऑटो-वाह असंही म्हणतात, बोटाच्या जोरावर उघडतो आणि मिटतो. जोरात छेडलं की तोंड मोठं उघडतं, हळू छेडलं की थोडंच. त्याचा सगळा जीव वादकाच्या लहानमोठ्या आघातांत आहे. त्याच्या आधी कॉम्प्रेसर ठेवला तर सगळे आघात सारखे होतात आणि फिल्टर एकसुरी बोलतो. सेन्सिटिव्हिटीचा नॉब आपल्या हाताप्रमाणे लावायला वेळ द्यावा. दुसऱ्याचा फिल्टरचा पॅच आपल्या हाताला जसाच्या तसा क्वचितच बसतो, कारण त्यात त्याच्या बोटांचा जोर मोजलेला असतो. फिल्टर मिटतो तेव्हा वरचे स्वर जातात आणि उघडतो तेव्हा खालचे मागे पडू शकतात. इथेही ब्लेंड हाताशी असलेला बरा.

कोरस, डिले आणि रिव्हर्ब या तिघांना मी मुद्दाम थोडक्यात आटोपतो, कारण बेसवर त्यांचा वापरही थोडक्यातच असावा. कोरस मूळ आवाजात किंचित उशिराने आलेली, किंचित डगमगती प्रत मिसळतो. वरच्या सुरांवर त्यातून झुळझुळ येते, खालच्या सुरांवर पाया डळमळतो. बेसच्या कोरसमध्ये खालचे स्वर वगळणारा फिल्टर असेल तर तो वापरावा. डिले आणि रिव्हर्बच्या प्रतिध्वनींतूनही २०० हर्ट्झच्या खालचा भाग कापावा. संथ गाण्याच्या सुरुवातीला, वरच्या पडद्यांवर, दोन ओळींच्या मध्ये हे तिघं शोभतात. किक आणि बेस एकत्र चालू झाले की बंद करावेत.

अ‍ॅम्प, कॅबिनेट आणि इफेक्टची रांग

१९६९ साली आलेला अँपेगचा एसव्हीटी ३०० वॉटचा होता आणि त्याचं आठ दहा-इंची स्पीकरचं कॅबिनेट आजही बेसच्या भरदार आवाजाचा मापदंड मानलं जातं. असा डोलारा लोकलमधून किंवा एसटीतून नेता येत नाही. मल्टि-इफेक्टची खरी किमया इथे आहे. ते अ‍ॅम्पचा स्वभाव आणि कॅबिनेटचा आवाज आकड्यांतून उभा करतं. कॅबिनेटसाठी बहुतेक वेळा ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ वापरतात. एका क्षणिक आवाजाला खऱ्या स्पीकरने आणि मायक्रोफोनने दिलेला प्रतिसाद नोंदवून ठेवायचा आणि तो आपल्या आवाजावर चढवायचा. ४८,००० च्या वेगाने १,०२४ नमुन्यांची नोंद २१ मिलिसेकंदांची होते, म्हणजे ‘ई’चं एक कंपनही तिच्यात पुरं मावत नाही. २,०४८ नमुन्यांची नोंद ४३ मिलिसेकंदांची होते. पेडल बाहेरचे इम्पल्स रिस्पॉन्स घेत असेल तर बेससाठी लांब नोंदीला पसंती द्यावी.

एक नियम पाठ करून ठेवावा. पेडल थेट मिक्सरला, हेडफोनला किंवा रेकॉर्डिंगला जोडलं असेल तर कॅबिनेट चालू ठेवायचं. खऱ्या बेस अ‍ॅम्पला जोडलं असेल तर बंद करायचं. दोन कॅबिनेट एकावर एक चढली की आवाज उशीतून आल्यासारखा दबतो, आणि वादक उगीचच ट्रेबल वाढवत बसतो.

रांग लावायची ती प्रत्येक इफेक्टला काय ऐकायला हवं हे पाहून. सूर ओळखणारे आणि बोटांचा जोर मोजणारे इफेक्ट सर्वांत आधी : ट्यूनर, ऑक्टेव्हर, फिल्टर. मग कॉम्प्रेसर. मग ड्राइव्ह. त्यानंतर ईक्यू आणि कोरस, मग अ‍ॅम्प आणि कॅबिनेट, आणि शेवटी डिले-रिव्हर्ब. हा क्रम मोडायला काहीच हरकत नाही. फझच्या पुढे फिल्टर ठेवला की सिंथसारखा आवाज येतो आणि तो फार सुंदर असू शकतो. फक्त क्रम मोडताना कोणत्या इफेक्टला काय ऐकू येणार हे मनाशी स्पष्ट असावं.

निवडताना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न : मी वाजवणार कुठे? महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या छोट्या कार्यक्रमांत, ऑर्केस्ट्रात, चर्चमध्ये, कॉलेजच्या मंचावर बेससाठी वेगळा अ‍ॅम्प असेलच असं नाही. अनेकदा साऊंडवाला एक वायर हातात देतो आणि बेस थेट मिक्सरमध्ये जातो. अशा वादकाला एक्सएलआर डीआय आउटपुट, म्हणजे थेट मिक्सरला जोडायची जागा, असलेलं पेडल फार सोयीचं. झूमच्या बी६ वर ते आहे. झूमच्या छोट्या बी१ फोरवर किंवा लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पवर नाही, त्यांच्यासोबत वेगळा डीआय बॉक्स ठेवावा लागतो. नेहमी स्वतःच्या अ‍ॅम्पवर वाजवणाऱ्याला याची फिकीर नाही.

दुसरा प्रश्न : एका वेळी किती इफेक्ट चालतात? एकूण संख्येपेक्षा हा आकडा महत्त्वाचा. बी१ फोरमध्ये एका वेळी पाच चालतात. कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, ईक्यू, अ‍ॅम्प आणि एखादा खास रंग एवढ्यात बहुतेकांचं काम भागतं. एचएक्स स्टॉम्प २०१८ मध्ये सहा खणांचं होतं, पुढे सॉफ्टवेअरच्या सुधारणेने आठ झाले. जोडीला समांतर मार्ग मिळाल्यामुळे साधा आणि रंगीत आवाज वेगळे चालवता येतात. ज्याला आवाज घडवण्यात रस आहे त्याला हा मोकळेपणा आवडतो. ज्याला गाण्यावर लक्ष ठेवायचं आहे त्याला कमी पर्यायांची पेटी जास्त सुख देते.

तिसरा प्रश्न पायाचा. फूटस्विच एवढे जवळ आहेत का की बुटाने दोन एकदम दाबले जातील? गाणं चालू असताना पॅच बदलला तर मध्ये आवाज तुटतो का? पडदा अंधारात आणि भर उन्हात वाचता येतो का? फिल्टर किंवा व्हॉल्यूम पायाने चालवायचा असेल तर बी१एक्स फोर किंवा बॉसचं जीटी-१बी यांसारखं एक्स्प्रेशन पेडल अंगावरच असलेलं बघावं.

चौथा प्रश्न विजेचा. बी१ फोर आणि जीटी-१बी चार पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी सराव थांबत नाही. मोठ्या प्रोसेसरची भूक मोठी असते. एचएक्स स्टॉम्पचा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा आहे, तिथे सुट्या पेडलचा साधा अ‍ॅडॉप्टर पुरत नाही. जुनं पेडल घेताना मूळ अ‍ॅडॉप्टर मागून घ्यावा आणि व्होल्ट, अँपिअर आणि पिनची दिशा तिन्ही जुळतात का ते पाहावं. यूएसबीने संगणकाला जोडता येणं, हेडफोन, लूपर आणि तालाची साथ या सोयी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याला रोज उपयोगी पडतात.

मुंबईत धोबी तलावच्या भागात किंवा आपल्या शहरातल्या वाद्यांच्या दुकानात जाताना स्वतःचा बेस बरोबर न्यावा. आधी पेडल बायपास करून ‘ई’ची तार लांबवर वाजू द्यावी. मग एकेक इफेक्ट चालू करून तोच सूर ऐकावा. दोन्हींचा आवाज कानाने सारखा केल्याशिवाय मत बनवू नये, कारण जास्त मोठा आवाज आपल्याला नेहमीच जास्त चांगला वाटतो. मग सगळ्यात जोरात स्लॅप करून पाहावं. अ‍ॅक्टिव्ह बेसचा संकेत जोरदार असतो. पेडलच्या आत शिरतानाच तो कापला गेला तर पुढे कोणताही नॉब त्याला वाचवू शकत नाही. इनपुटची पातळी कमी करण्याची सोय आहे की नाही, हे इथेच कळतं.

घरातून मंचावर

घरी बनवलेला पॅच मंचावर बिघडतो त्याचं शास्त्रीय कारण १९३३ सालीच समोर आलं. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज हळू असताना आपले कान खालच्या स्वरांना कमी दाद देतात आणि आवाज वाढला की ती उणीव भरून निघते. घरी हळू आवाजात वाजवताना खर्ज कमी वाटतो म्हणून आपण तो वाढवतो. मंचावर आवाज मोठा झाला की तोच वाढवलेला खर्ज घुमू लागतो. त्यात आठ मीटरच्या लहरी भिंतींवरून परतून कोपऱ्यांत साचतात. त्यामुळे पॅच शक्य तेव्हा बॅंडसोबत, खऱ्या आवाजात पक्के करावेत आणि प्रेक्षकांच्या जागी उभं राहून एकदा तरी ऐकावेत. पेडलमध्ये ग्लोबल ईक्यू असेल तर प्रत्येक पॅचला हात न लावता एकाच जागी सभागृहाप्रमाणे दुरुस्ती करता येते. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकल्याने चार तारांच्या बेसचा एकही सूर जात नाही आणि स्पीकर मोकळा होतो.

हमचा प्रश्नही खर्जाशीच येऊन भिडतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि ‘ई’ तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा ‘जी’ सूर ४९ हर्ट्झचा. हम ईक्यूने कापायला गेलं तर तो सूरही कापला जातो. त्यामुळे हम मुळाशीच थांबवावा. पेडल आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावरून चालवावेत, मिक्सरशी जोडल्यावर घूं घूं आली तर डीआयचा ग्राउंड लिफ्ट दाबून पाहावा, वायर बदलून पाहावी. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. मांडवात जनरेटर चालू असताना आणि जमीन ओली असताना त्या पिनेवर वादकाचा जीव अवलंबून असतो.

सुरुवात तीन पॅचने करावी. पहिला स्वच्छ : कॉम्प्रेसर, ईक्यू आणि अ‍ॅम्प. दुसरा तोच, पण ब्लेंड केलेल्या ड्राइव्हसह. तिसरा एखाद्या गाण्यापुरता, फिल्टर किंवा ऑक्टेव्हरचा. तिन्हींची पातळी सारखी करावी, म्हणजे पाय पडला की साऊंडवाल्याला फेडरकडे धावावं लागणार नाही. ताज्या तारा, नीट सेट केलेली मान आणि चांगली केबल यांच्यावरचा खर्च पेडलच्या आधी करावा. मुंबईच्या मोहिनी डे यांचं वेगवान वादन ऐकताना प्रत्येक सूर सुटा आणि गोल येतो तो बोटांतून येतो. पेडल त्या बोटांना फक्त पुढे नेऊ शकतं.

पॅच पास की नापास, याचा निर्णय सहवादकांवर सोपवावा. रिहर्सलमध्ये इफेक्ट चालू करून पूर्ण गाणं वाजवावं, मग ड्रम वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला विचारावं. ड्रमरला किक आणि बेस एकत्र पडताना जाणवले असतील आणि गायकाला सूर शोधावा लागला नसेल, तर तो पॅच ठेवावा. दोघांपैकी एकाचीही जमीन हलली असेल तर ब्लेंड वाढवावा, गेन उतरवावा आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं.